‘टॉप फ्लोअरवाल्यांनी फायबर घेऊ नका’ म्हणे! त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

‘वरच्या मजल्यावाल्यांनो सावधान’ असा एक मेसेज सध्या जळगाव, भुसावळ, धुळे, जिकडे बघावं तिकडे सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. तुम्हालाही आला असेल, नसेल तर थोडक्यात सांगतो. फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेची वायर, वर चढताना मजल्यागणिक स्पीड कमी होतो, आपल्या खान्देशातल्या उन्हात ती वायर वितळते, गच्चीवरून आलेली वायर आकाशातली वीज घरात ओढून आणते, त्यातून रेडिएशन निघतं, गच्ची टॉप फ्लोअरवाल्याचीच असल्यामुळे सोसायटीला विचारायची गरज नाही, आणि लाईट गेली की सगळं बंद. म्हणून टॉप फ्लोअरवाल्यांनी गच्चीवर अँटेना लावायचं वायरलेस कनेक्शनच घ्यावं, अशी शेवटी प्रेमाची शिफारस.

मी हेच काम करतो, केबल टीव्हीच्या काळात कोॲक्स, म्हणजे तांब्याची केबल, ओढायचो आणि आता काच जोडतो, त्यामुळे गिऱ्हाईक दार उघडल्या उघडल्या हा मेसेज दाखवतं आणि मग चहा होईपर्यंत मला तेच तेच सांगावं लागतं. आता एकदाच लिहून टाकतो.

पहिला मुद्दा स्पीडचा. मेसेजमध्ये नळाच्या पाण्याचा दाखला दिलाय, वरच्या मजल्यावर जसं पाणी चढत नाही तसं नेट चढत नाही म्हणे. अहो पाण्याला वजन असतं म्हणून मोटर लावावी लागते, प्रकाशाला कुठं जिना चढून दमायचंय? काचेतून तो सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, त्याला आडवं काय अन् उभं काय. आणि पाच मजली बिल्डिंग म्हणजे उंची किती, १५ ते १८ मीटर. घरोघरी जी फायबरची पद्धत चालते ना, जीपॉन, ती एक्स्चेंजपासून २० किलोमीटरपर्यंत घर असेल असं धरूनच बनवलेली आहे, आणि तिथे एका अख्ख्या किलोमीटरला सिग्नल कमी होतो ०.३५ डीबीच्या आसपास (डीबी म्हणजे सिग्नल किती घटला ते मोजायचं माप). आता १८ मीटरला किती ते काढा, माझ्या हातातल्या सिग्नल मोजायच्या मीटरवर तो आकडा दिसणारसुद्धा नाही. त्याच्या तुलनेत एका लाईनचे आठ भाग करणारा छोटासा स्प्लिटर एकटाच १० डीबी खातो, आणि तो तळमजल्यावाल्यालाही तितकाच खातो.

उलट गंमत सांगू का? आपल्याकडच्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये लाईन खांबावरून थेट गच्चीवर येते आणि स्प्लिटरचा बॉक्स लिफ्टच्या मशीन रूमच्या भिंतीला ठोकलेला असतो. म्हणजे तिथून सगळ्यात जवळ घर कुणाचं? टॉप फ्लोअरचंच. वायर खाली जाते ती पहिल्या मजल्यावाल्याकडे.

आणि अजून एक, सिग्नल थोडा कमी झाला म्हणून स्पीड थोडा कमी, असं फायबरमध्ये होतच नाही. घरात मीटरवर उणे १८ आलं काय किंवा उणे २४ आलं काय (उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी), प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर १००च मिळणार. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की मग घरातला दिवेवाला डबा चुकायला लागतो, नेट येतं-जातं, आणि शेवटी एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा. तीन डीबी गेले म्हणजे प्रकाश निम्मा झाला, एवढं लक्षात ठेवलं तरी मीटर वाचता येतं.

मग टॉप फ्लोअरच्या तक्रारी येतात त्या खोट्या का? नाही ना भो, तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांचं कारण मेसेजवाल्याने खोटं सांगितलंय. खरं कारण असतं शेवटची वीसेक मीटर वायर कशी आणली ते. जळगावातच एका काकांकडे नेट रोज रात्री जायचं आणि सकाळी आपोआप यायचं. कंपनीचा माणूस दिवसा यायचा तेव्हा सगळं ठणठणीत, त्यामुळे तो डबा बदलून जायचा आणि रात्री परत तेच, शेवटी काकांची खात्रीच पटली की रात्री कंपनीवाले मुद्दाम बंद करतात. मी गेलो तर वायर गच्चीच्या कठड्यावरून काटकोनात मोडून खाली आणलेली आणि सरकत्या खिडकीच्या चॅनेलमधून आत घेतलेली. मी मीटर लावला, उणे १९. काकूंना म्हटलं जरा खिडकी लावा, लावली आणि मीटर उणे २९! डासांमुळे संध्याकाळी खिडकी लावायची, सकाळी उघडायची, एवढंच कारण. भिंतीला तिरपं होल मारून वायर त्यातून घेतली आणि विषय संपला.

काच तुटेपर्यंत वाकवायची गरज नसते, नुसती जास्त वाकली तरी प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. घरात वापरायची चांगली फायबर सुद्धा ७.५ ते १० मिलिमीटर त्रिज्येच्या आत वाकवू नये आणि जुन्या प्रकारच्या फायबरला तर ३० मिलिमीटर हवेत. खिळ्याला गुंडाळून गाठ मारणारे वीर मी बघितलेत. आणि गच्चीवर वायर मोकळी सोडली तर एप्रिलात बिबड्या-कुरडयांची खाट नेमकी तिच्यावर येते, मग खाटेचा पाय, वर वाळवण, आणि कुणाच्या तरी घरात लाल दिवा. संक्रांतीला मांजा असतोच. हे सगळं टॉप फ्लोअरच्या वाट्याला जास्त येतं हे मान्य, पण याचा उंचीशी संबंध नाही, वायर कठड्याच्या आतल्या अंगाने क्लिप मारून किंवा पाईपमधून नेली की झालं. बिल्डिंगला डक्ट, म्हणजे वायरी-पाईप न्यायची उभी पोकळी, असेल तर गच्चीचा रस्ताच नको. (नवीन फ्लॅट बघत असाल तर बिल्डरला डक्टचं विचाराच, ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग द्यायचे नियमसुद्धा काढलेत, पण आपल्याकडचे बरेच बिल्डर अजून मॉड्युलर किचनच दाखवतात.)

आता उन्हाचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही इतकं ऊन. पण काच वितळायला हजार डिग्रीच्या कितीतरी वर जावं लागतं, तेवढं झालं तर नेटची काळजी करायला आपणच नसू. बाहेरून टाकायची काळी केबल साधारण ७० डिग्रीपर्यंतची असते आणि तिचं काळं आवरण उन्हासाठीच असतं. भानगड तेव्हा होते जेव्हा कुणी घरात वापरायची पिवळी किंवा पांढरी वायर पैसे वाचवायला गच्चीवरून ओढतो, तिचं प्लास्टिक दोन उन्हाळ्यात तडकतं, पावसाळ्यात पाणी शिरतं.

उन्हाचा खरा मार वायरला नाही, डब्याला बसतो, आणि हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. ओएनटी म्हणजे तो दिवेवाला डबा, त्याच्या कागदावर बघा, बहुतेकांवर ० ते ४० डिग्री असं छापलेलं असतं. टॉप फ्लोअरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि लोकं काय करतात, डबा दिसू नये म्हणून माळ्यावर, स्लॅबला चिकटून, जुन्या गोधड्यांच्या शेजारी. वहिनी म्हणतात हॉलमध्ये वायरी चांगल्या दिसत नाहीत. दिसत नाहीत हे खरं, पण दुपारी तीनला डबा हँग झाला की मग फोन मलाच येतो. छातीच्या उंचीवर, मोकळ्या हवेत लावा, आणि कूलरच्या तोंडासमोर नको, ओल्या हवेने पिना गंजतात.

वीज पडण्याबद्दल. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे फायबर वीज ओढते हे चूकच. फक्त एक खरी गोष्ट सांगायला पाहिजे, काही केबलमध्ये ताण सोसायला पोलादी तार असते, ती मात्र वीज वाहून नेऊ शकते. म्हणून एफआरपीवाली, म्हणजे धातू नसलेली केबल मागा, आणि पोलादी तार असलीच तर ती बाहेर हुकापाशीच कापून थांबवायची, घरात आणायची नाही. आता मेसेजवाल्याची शिफारस परत वाचा. गच्चीवर अँटेना, आणि तिच्यापासून घरातल्या डब्यापर्यंत येणारी लॅन केबल कशाची? तांब्याची! विजेला घाबरवून माणसाला तांब्याच्या वायरकडे पाठवायचं, याला काय म्हणावं. कोॲक्सच्या काळात एका गडगडाटात गल्लीतले टीव्ही उडालेले मी पाहिलेत, फायबरने ती कटकट संपवली. डब्याचा अ‍ॅडॉप्टर मात्र घरच्या लाईनवरच असतो, तो जोराच्या वादळात काढून ठेवा.

वायरलेस वाईट असं माझं म्हणणं नाही. जिथे फायबर पोचलीच नाही तिथे, मळ्यातल्या घराला वगैरे, ते कामाचं आहे. पण टॉवरचा स्पीड आजूबाजूच्या सगळ्यांत वाटला जातो आणि तो अँटेना दिवसभर उन्हात तापत उभा असतो, हेही मग सांगा ना.

रेडिएशनवर जास्त लिहीत नाही. फायबरमध्ये डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश असतो आणि तो काचेतच राहतो, सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका, एवढंच. वायफाय राऊटर तर त्यांच्या वायरलेस कनेक्शनलाही लागतोच.

गच्ची कुणाची? हा मुद्दा सगळ्यात जास्त भांडणं लावणारा. बिल्डिंगची वरची सामाईक गच्ची टॉप फ्लोअरवाल्याची नसते, २०१६ च्या रेरा कायद्यात कॉमन एरियाच्या व्याख्येतच टेरेस लिहिलेलं आहे. (तुमच्या फ्लॅटला लागून कागदावर मिळालेली टेरेस वेगळी.) तेव्हा सेक्रेटरींना एक साधा अर्ज द्या, त्यात वायर कुठून जाणार ते लिहा. आणि स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका, कितीही घाई असली तरी. वॉटरप्रूफिंगचा कोबा फुटला की गळणार तुमचंच छत, सोसायटीचं नाही. क्लिपा कठड्याच्या भिंतीला मारायच्या. घरात शिरायचं होल बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवायचं आणि शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी झोळातून टपकून जातं. नाहीतर जुलैत वायरवरून ओघळत पाणी थेट स्विचबोर्डपर्यंत येतं.

१०० चा प्लॅन घेऊन डाऊनलोड १२ च दाखवतं म्हणून फसवणूक, असंही कुणीतरी त्या मेसेजखाली जोडलंय. ते १२ मेगाबाईट असतात आणि प्लॅनचे १०० मेगाबिट, म्हणून आठाने गुणा, शंभराच्या जवळ येतं. तरी कमी वाटलं तर लॅपटॉपला लॅन केबल लावून मोजा, दोन भिंतींपलीकडून मोबाईलवर मोजून फायबरला शिव्या देऊ नका.

राहिला लाईटचा मुद्दा. अर्धा खरा आहे. जीपॉनमध्ये एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत मध्ये कुठेच वीज लागत नाही, स्प्लिटर नुसती काचच असते. बंद पडतो तो तुमचा डबा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्या लाईनच्या प्लगला लावा, नसेल तर राऊटरचा मिनी यूपीएस मिळतो तो घ्या, फक्त घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचा, बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात पण अँपिअर कुठे १ असतं कुठे १.५ तर कुठे २, आणि कमी अँपिअरचा यूपीएस लावला तर डबा सारखा रिस्टार्ट होत बसतो. राऊटर वेगळा असेल तर त्यालाही वेगळी पिन लागेल, दोन आऊटपुटवालाच मागा.