आरक्षण पडलं म्हणजे घर गेलं? मावशीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

काल रात्री पावणेअकराला ठाण्याच्या नौपाड्यातल्या मावशीचा फोन, "अरे, आपली बिल्डिंग सरकारजमा होणार म्हणे." पाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज. त्यात काय, तर डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या नियोजन समितीचा निर्णय अंतिम असतो, आरक्षण पडलं, म्हणजे जागा रस्ता-बाग-शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली, की सातबाऱ्यावरून तुमचं नाव जातं, हरकत फक्त कन्सल्टंटमार्फतच घेतात आणि नगरसेवकाने मनावर घेतलं तर आरक्षण उडतं. शेवटी फ्लॅटमागे तीन हजार आणि ओरिजिनल कागद एका माणसाकडे द्या. मावशीने शेअर सर्टिफिकेट आणि ॲग्रीमेंट साडीच्या पिशवीत घालून दाराशी ठेवलंही होतं!

सातबाऱ्यापासूनच सुरू करतो, कारण तिथे माझं डोकं फिरलं. नौपाड्यात सिटी सर्व्हे (शहरी जमिनीची मोजणी) आहे, तिथे सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड बघायचं. आणि त्या कार्डावर फ्लॅटवाल्यांची नावं नसतात हो, जमीन सोसायटीच्या नावावर असते, नाहीतर कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालं नसेल तर अजून जुन्या मालकाच्या. जे नाव तिथे कधी लागलंच नाही ते निघणार कुठून?

आरक्षण ही नकाशावरची खूण. जागा घ्यायची तर १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम १२६ बघा: बोलणी करून मोबदला, नाहीतर टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), नाहीतर रीतसर भूसंपादन. आणि डीपी लागू होऊन १० वर्षांत यातलं काहीच झालं नाही तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, पुढे २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा घ्यायची पावलंही उचलली नाहीत तर आरक्षणच रद्द. आता एवढं कबूल करतो की तोवर रिडेव्हलपमेंट रखडतं, बिल्डर फिरकत नाही, भाव पडतो. जाच आहेच. पण "घर गेलं" आणि "घर अडकलं" यात फरक आहे की नाही?

समितीचं म्हणाल तर त्याच कायद्याचं कलम २८. महापालिकेच्या स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरचे जाणकार जास्तीत जास्त ४. हरकत घेणाऱ्यांना बोलवायचं, ऐकायचं, अहवाल महापालिकेला द्यायचा, झालं काम. महापालिका त्यावर बदल करणार, मग आराखडा राज्य सरकारकडे, मंजुरी तिथे, कलम ३१ खाली. अंतिम कसला डोंबलाचा! हां, ठाण्यात मार्च २०२२ पासून काही वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासकच सगळं, त्यामुळे "आपलं ऐकतं कोण" असं लोकांना वाटलं तर त्यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही.

कन्सल्टंट? साध्या कागदावर मुदतीत अर्ज लिहा, झेरॉक्सवर आवक विभागाचा शिक्का घ्या, सुनावणीला स्वतः जा. ओरिजिनल कोणी मागितलं तर उठून घरी या. नगरसेवकाचं तर सोडाच, मंजूर डीपीत बदल करायला कलम ३७, पुन्हा जाहीर सूचना, पुन्हा हरकती, पुन्हा मंत्रालय.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मेसेज टाकणारे गप्प. मावशीने मात्र पिशवी कपाटात ठेवली आणि सेक्रेटरींना विचारलं, "मग आपल्या कार्डावर नाव कोणाचंय?" सकाळपासून दोन निळ्या टिका दिसताहेत.