लॅपटॉपला कुलूप लावा, किल्ली रजिस्टरमध्ये लिहा

परवा सहाव्या चकरेला आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रात माझं काम झालं. म्हणजे झालं असं ते म्हणाले. कॅम्पसच्या नेटवर स्वतःचा लॅपटॉप चालवायचा असेल तर आधी तो नोंदवा, त्याची हार्डडिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं कुलूप लावा, दोन्हीचा पुरावा जोडून फॉर्म द्या, नाहीतर एक तारखेपासून नेट बंद, असं परिपत्रक आलंय ना, त्याचंच. तर आता मी या विषयातली जाणकार झालेय आणि ज्यांचं अजून व्हायचंय त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल फुकट वाटायला बसलेय. ज्यांना भर उन्हात चकरा मारायची हौस आहे त्यांनी वाचू नये.

सगळ्यात आधी, परिपत्रक शोधायला वेबसाईटवर जाऊ नका. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतं, रात्री साडेनऊला, कुणीतरी टेबलावर ठेवून काढलेला वाकडा फोटो, आणि खालच्या दोन ओळी शिक्क्याखाली गेलेल्या. आमच्या परिपत्रकात त्या दोन ओळींतच फॉर्मची लिंक होती.

लिंक मिळाली म्हणून लगेच पेढे वाटू नका. ती साईट फक्त कॅम्पसच्या नेटवर उघडते. नेट मिळायला नोंदणी पाहिजे आणि नोंदणी करायला नेट पाहिजे. काही लोकांना यात पण चूक दिसते, तुम्ही तसे होऊ नका, गुमान लायब्ररीत जा आणि तिथल्या कॉम्प्युटरवर भरा. चालू कॉम्प्युटर तीन आहेत. मला जो मिळाला त्याच्या की-बोर्डवरचं ए दाबलं जात नव्हतं, आणि माझ्या मॅक अ‍ॅड्रेसमध्ये दोन ए आहेत (मॅक म्हणजे नेटवर लॅपटॉप ओळखायचा पत्ता, पुढं सांगते).

मग तो ऑनलाईन भरलेला फॉर्म प्रिंट काढून, सही-शिक्का घेऊन, दोन प्रतीत खिडकीवर नेऊन द्या. याला ऑनलाईन म्हणतात.

गाईडची सही आणि विभागप्रमुखांची सही एकाच दिवशी मिळाली तर त्याच दिवशी लॉटरीचं तिकीट काढा.

आता मॅक अ‍ॅड्रेस. यात अवघड काही नाही, कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, तिरकी रेघ, ऑल असं टाईप केलं की फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणून दोन-दोनच्या सहा जोड्या दिसतात, तोच. पण वायफायचा वेगळा असतो आणि केबलचा वेगळा, आणि फॉर्मवर रकाना एकच. कोणता लिहू म्हणून खिडकीवर विचारलं तर भाऊ म्हणाले, "मॅक? तुमचा तर विंडोजचा हे ना मॅडम, मग मॅकचं कशाला लिहायलात?" मी म्हणलं, सर तुमच्या फॉर्मवरच लिहिलंय. त्यांनी फॉर्म हातात घेतला, वाचला, बहुतेक पहिल्यांदाच वाचला, आणि म्हणाले, "मग लिहा दोन्ही, बारीक अक्षरात." लिहिलं बारीक अक्षरात. चार दिवसांनी गेले तर नोंदणी फेटाळलेली. का, तर माझ्या पत्त्यातल्या शून्याच्या जागी त्यांनी इंग्रजी ओ टाकलेला. आता या पत्त्यात शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं एवढंच असतं, ओ त्यात जन्मात येत नाही, म्हणून सिस्टिमनं घेतलं नाही, सिस्टिम त्या मानानं शहाणी. दुरुस्त करा म्हणलं. केलं. परत चार दिवस. या वेळी मंजूर झालं आणि तरी नेट काही लागेना, कारण आता बी चा आठ झाला होता, आणि आठ चालतो, आठाला कोण अडवणार. म्हणजे जगात कुठंतरी एखादं यंत्र असेल, त्याच्या नावानं आमच्या विद्यापीठात वायफाय मंजूर हे, त्यानं यावं आणि बिनधास्त वापरावं. मी ऑनलाईन भरलेलंच होतं की हो, तिथून कॉपी करून पेस्ट करा ना, असं मी सुचवून बघितलं. "कागदावरून कसं कॉपी करायचं मॅडम?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

हे सगळं बरोबर झालं आणि तरीही नेट लागलं नाही तर फोन किंवा लॅपटॉपमध्ये रँडम अ‍ॅड्रेसचं बटण चालू आहे का बघा. अँड्रॉईड 10 पासून आणि आयफोनला आयओएस 14 पासून ते आपोआप चालू असतं, प्रत्येक वायफायला वेगळा बनावट पत्ता सांगतं, तुमचा माग कुणी काढू नये म्हणून. माझ्या बॅचच्या दोघांना यापायी तीन-तीन चकरा झाल्या. परिपत्रकात यावर एक अक्षर नाही.

हमीपत्र बॉण्डवर लागतं. पूर्वी शंभराचा चालायचा, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा. नेट फुकट आहे.

आता एन्क्रिप्शन. आधी बॅकअप घ्या, आणि हे मी चेष्टेनं म्हणत नाहीये, खरंच घ्या. मग आपलं विंडोज कोणतं ते बघा, कारण अख्खं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं कुलूप, प्रो मध्ये मिळतं आणि आपल्यापैकी बहुतेकांकडं दुकानदारानं दिलेलं होम असतं. होममध्ये नशीब असेल तर सेटिंगमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत डिव्हाईस एन्क्रिप्शन म्हणून सापडतं, माझ्यात निघालं. नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट आहे, अ‍ॅपलवाल्यांना फाईलव्हॉल्ट आहे, लिनक्सवाल्यांना लक्स आहे, यातलं काहीही लावलं तरी डिस्कला कुलूप लागतंच. पण परिपत्रकात लिहिलंय "बिटलॉकर चालू असल्याचा स्क्रीनशॉट", मग संपलं. माझी मैत्रीण तीन वर्षांपासून लिनक्स वापरते, डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली, तिला सांगितलं "लिनक्स काढून विंडोज टाका मग या". तिनं शेवटी भावाच्या लॅपटॉपचा स्क्रीनशॉट जोडला. लगेच मंजूर. तिला एकाच चकरेत झालं म्हणून मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

मी रात्री दहाला लावलं आणि सव्वादहाला लाईट गेली, माझी बॅटरी वीस मिनिटं टिकते. घाबरू नका, जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. मी मात्र बीपी वाढवून घेतलं ते घेतलंच.

ज्या कॉम्प्युटरवर बसून आपली सुरक्षितता तपासतात त्याच्याकडं बघू नका. मी बघितलं. विंडोज 7. मायक्रोसॉफ्टनं त्याचे अपडेट 14 जानेवारी 2020 ला बंद केले, म्हणजे लॉकडाऊनच्याही आधी. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे, पण तो दिसू नये म्हणून त्यावर देवाचा फोटो लावलाय, म्हणजे काळजी घेतात हो.

फॉर्मची प्रिंट गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं काढा. त्याला सगळं माहिती असतं, शेवटची तारीख वाढणार हे त्याला परिपत्रकाच्या आधी कळतं. फक्त फाईल त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी लागते आणि त्याच्या डाऊनलोडमध्ये अख्ख्या विद्यापीठाचे फॉर्म पडलेले असतात. बघितले मी, माझ्या खाली कोण आणि वर कोण.

आणि आता अकरावा रकाना. रिकव्हरी की.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. एन्क्रिप्शन चालू झालं की विंडोज 48 आकड्यांची एक किल्ली देतं, सहा-सहाचे आठ गट. त्यातल्या प्रत्येक गटाला अकरानं भाग जातो, म्हणजे टाकताना एखादा आकडा चुकला की तिथल्या तिथं कळतं, बनवणाऱ्यानं एवढा विचार केलाय. लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काही झालं, की ही किल्ली मागितली जाते. ज्याच्या हातात लॅपटॉप आणि ही किल्ली, त्याला डिस्क उघडी. तुमचा पासवर्ड लागत नाही, बोटाचा ठसा लागत नाही, काही लागत नाही. म्हणून बिटलॉकर ही किल्ली त्याच डिस्कवर सेव्हसुद्धा करू देत नाही, दुसरीकडं ठेव म्हणतं. यंत्राला कळतं ते.

आमच्याकडं ती फॉर्मवर लिहायची. आणि फॉर्म गहाळ होतात म्हणून शिवाय रजिस्टरमध्ये लिहायची. लांबडं रजिस्टर, खिडकीच्या बाहेर स्टुलावर ठेवलेलं, रकाने आखलेले, नाव, विभाग, मोबाईल नंबर, लॅपटॉपची कंपनी, मॅक, रिकव्हरी की, सही. पेन दोरीनं बांधून ठेवलंय. रजिस्टर मोकळं. मी किल्लीच्या रकान्यापाशी थांबले तर शिपाई मामा म्हणाले, "ताई, वरच्याचं बघून लिवा." बघितलं ना मामा, वरच्या सगळ्यांचं बघितलं, माझ्या आधी तेवीस जणांचं होतं त्या पानावर, नाव-नंबरासकट, मोबाईलमध्ये एक फोटो काढला असता तर तेवीस लॅपटॉपच्या किल्ल्या माझ्या खिशात. मागं रांगेत एक पोरगा उभा होता, तो फोटो काढतच होता. फॉर्म कसा भरायचा ते रूमवरच्या पोरांना दाखवायला म्हणे.

मी खिडकीवर विचारलं, सर ही की तुम्हाला कशाला लागते? "विसरले तर?" कोण विसरलं तर? "तुम्ही विसरले तर. पोरं विसरतात, मग आमच्याकडंच येतात." मग ज्याला विसरायची भीती त्याची ठेवा, माझी मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर आहे, घरी कपाटात कागदावर आहे. "मॅडम रकाना रिकामा ठेवता येत नाही, सिस्टिम घेत नाही." सिस्टिम! शून्याचा ओ घेत नाही तीच सिस्टिम. मी म्हणलं, मग निदान ते रजिस्टर तरी आत घ्या. तर म्हणे आत जागा नाही.

हितपर्यंत मी चेष्टेत लिहीत होते, आता जमायला नाही मला.

माझ्या लॅपटॉपमध्ये पिक्चर नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या मुलाखती आहेत, दोन गळीत हंगाम मी कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जाऊन घेतलेल्या. त्यात कुणाचं गर्भपिशवीचं ऑपरेशन कितव्या वर्षी झालं, कुणी करायला लावलं, मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, किती होती, आणि टोळीवर रात्री काय काय होतं, हे त्यांच्या नावानिशी आवाजात आहे. 2019 साली हाच विषय विधान परिषदेत गाजला, आमदार नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पेपरात आकडे आले. आकडे येतात तेव्हा कुणाचं काही जात नाही. नाव बाहेर गेलं तर पुढच्या दसऱ्याला त्या जोडप्याला उचल मिळत नाही, किंवा त्याहून वाईट. एकीनं मला तीनदा विचारलं होतं, "बाई, ह्ये कुणाला ऐकवणार न्हाईत ना?" मी नाही म्हणलंय तिला. त्या एका शब्दासाठी मी डिस्क एन्क्रिप्ट केली, परिपत्रक यायच्या आधीच करायला पाहिजे होती, नाही केली, ती माझी चूक.

म्हणून नियमाला माझा विरोध नाहीये. नियम चांगलाय. लॅपटॉप एसटीत राहतो, हॉस्टेलमधून चोरीला जातो, आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं, विंडोजचा पासवर्ड तिथं काही कामाचा नसतो. एन्क्रिप्शन हवंच. नेटवर कोणतं मशीन कुणाचं हे माहीत असणं पण हवंच, एखाद्यातून व्हायरस पसरायला लागला तर तेवढंच काढून टाकता येतं. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 ला झाला, नियम नोव्हेंबर 2025 ला निघाले, लोकांची माहिती सांभाळली नाही तर 250 कोटींपर्यंत दंड आहे त्यात. तुम्ही मात्र लोकांच्या किल्ल्या स्टुलावर ठेवल्यात. तुम्हाला सुरक्षा नकोय, तुम्हाला भरलेला रकाना पाहिजे, म्हणजे वरून विचारलं की एवढे नोंदवले, एवढे एन्क्रिप्ट झाले असा तक्ता पाठवता येतो. त्यापेक्षा काहीच केलं नसतं तर बरं होतं, निदान किल्ल्यांची यादी तरी कुठं तयार झाली नसती.

आणि आपण पण कमी नाही. पीएचडी करणारी माणसं आपण, प्रश्न विचारायची फेलोशिप घेतो, आणि त्या पानावरच्या तेवीस जणांपैकी एकानंसुद्धा विचारलं नाही की हे कशाला लिहायचं. मी पण सहाव्या चकरेला कंटाळून लिहिली. लिहिली म्हणजे लिहिलीच, सगळे 48 आकडे, सुवाच्य अक्षरात, आणि सही केली.

घरी येऊन जुनी किल्ली काढून टाकली आणि नवी बनवली, तसं करता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. रजिस्टरमध्ये माझ्या नावासमोर जे आहेत त्या आकड्यांनी आता काहीच उघडत नाही. तुम्ही लिहून आला असाल तर आज रात्रीच बदलून टाका. आणि संगणक केंद्रातल्या कुणी हे वाचलंच तर ते रजिस्टर आत घ्या, जागा नसेल तर जागा करा, कूलरच्या मागं बंद पडलेले प्रिंटर रचून ठेवलेत ते हलवा.