गॅरेजमधला विश्वविजय

अमेरिकन बेसबॉलच्या एका मोसमात १६२ सामने. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, सगळ्या संघांचे मिळून असतील. नाही, एकाच संघाचे. मार्च संपत आला की सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज. क्रिकेटची कसोटी पाच दिवस चालते म्हटल्यावर डोळे विस्फारणाऱ्या अमेरिकन माणसाला यात काहीच वावगं वाटत नाही.

शिकागोच्या उपनगरात राहूनही बेसबॉलपासून चार हात लांब राहता येतं. मी बरीच वर्षं राहिलो. २०१६ साली मात्र घेराव घरातूनच पडला. लेकीच्या डोक्यावर कब्सची, म्हणजे शिकागोच्या बेसबॉल संघाची, निळी टोपी चढली ती झोपतानाही उतरेना. बायकोच्या ऑफिसात शुक्रवारी निळे कपडे सक्तीचे झाले. त्यातच सहा महिन्यांसाठी सांगलीहून आई आली आणि आल्या आठवड्यात तिची शेजारच्या आजोबांशी गट्टी जमली. तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. त्यामुळे दोघांच्या गप्पांना अंत नसायचा.

आजोबा जन्मापासून कब्सचे. संघ जिंकला की माणसं खूश होतात असा माझा समज होता. हे खचायचे. एप्रिलमध्ये कब्सचा गोलंदाज जेक अरिएटाने सिनसिनाटीच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मारू दिला नाही आणि कब्सने १६-० असा फडशा पाडला, तर दुसऱ्या दिवशी हे कुंपणापाशी सुतकी चेहऱ्याने उभे. "एप्रिलमध्येच एवढं चांगलं झालंय. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय बघ." तिसऱ्याच सामन्यात कब्सच्या काइल श्वार्बरचा गुडघा गेला होता, तेवढा एक त्यांना दिलासा होता.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. कब्सने तोवर शेवटची वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, जिंकली होती ती १९०८ साली, म्हणजे ज्या वर्षी टिळकांना मंडालेला धाडलं त्या वर्षी. टिळक सुटून आले, गीतारहस्य छापून झालं, देश स्वतंत्र झाला, संयुक्त महाराष्ट्रही झाला, कब्सचं काही होईना. कारण बोकड. १९४५च्या वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या सामन्याला विल्यम सायनिस नावाचा एक गुत्तेवाला आपला मर्फी नावाचा बोकड घेऊन कब्सच्या घरच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, गेला. बोकडाचा वास येतो म्हणून दोघांना बाहेर काढलं आणि सायनिसने संघाला शाप दिला, अशी कथा. त्या मोसमानंतर रिग्ली फील्डवर तोवर वर्ल्ड सीरिज म्हणून झाली नव्हती.

ही कथा मी आईला हसत हसत सांगितली. ती हसली नाही.

"बोकडाचं तिकीट काढलं होतं?"

"काढलं होतं म्हणतात."

"मग? पैसे घ्यायचे आणि हाकलायचं? लागणारच की शाप. शांत केली का काही?"

मी सांगितलं की सायनिसच्या पुतण्याने पुढे बोकड मैदानात फिरवूनही आणला होता. आई म्हणाली, "नुसतं फिरवून काय होतंय? मॅच दाखवली का पूर्ण?"

शिकागोत या विषयावर इतकी वर्षं चर्चा झाली, पण इतका नेमका मुद्दा कुणी मांडला असेल असं मला वाटत नाही. नंतर तिने बोटांवर वर्षं मोजली. १९०८ ते २०१६. "एकशे आठ! माळ पूर्ण झाली बघ. सुटतोय शाप." मी हे आजोबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी आत जाऊन एक जुना चेंडू आणला आणि त्यावरचे लाल टाके दाखवले. बेसबॉलच्या चेंडूला दुहेरी टाके १०८च असतात. त्या दिवसापासून आईचा शब्द त्या घरात प्रमाण झाला.

आता गंमत अशी की हा संघ शाप-बिप न मानणाऱ्या माणसाने बांधला होता. थिओ एपस्टीन. याच गृहस्थाने २००४ साली बॉस्टनचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला होता, तोही आकडेमोडीच्या जोरावर. क्रिस ब्रायंट, अँथनी रिझो, काइल हेंड्रिक्स, सगळी हिशेबाने गोळा केलेली माणसं. साखळीत १०३ विजय, ५८ पराभव. बेरीज १६१ येते म्हणून मी चूक काढायला गेलो, तर पिट्सबर्गला पावसामुळे एक सामना १-१ असा बरोबरीत सुटला होता. असं सहसा होत नाही. ते झालं म्हणून आजोबा आणखी दोन दिवस अस्वस्थ.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोला हरवलं, मग लॉस एंजेलिसला हरवलं, आणि ७१ वर्षांनी वर्ल्ड सीरिज आली. समोर क्लीव्हलंड. माझी खरी परवड इथून सुरू होते, कारण ती नेमकी दिवाळीत आली.

क्लीव्हलंडमधल्या पहिल्या दोन सामन्यांत एकेक झालं. धनत्रयोदशीला रिग्ली फील्डवर तिसरा. मी पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर टीव्हीसमोर बसलो. कब्स ०-१ हरले. नरकचतुर्दशीला पुन्हा बसलो, २-७ हरले. आता मालिका ३-१, आणखी एक पराभव की खेळ खलास. आमच्या दिवाणखान्यात कुणी काही बोललं नाही, पण आजोबांनी आईकडे पाहिलं आणि आईने माझ्याकडे.

लक्ष्मीपूजनाला पूजा आटोपून मी गुपचूप सोफ्याच्या कोपऱ्यात टेकलो. क्लीव्हलंडने एक रन काढली. चौथ्या इनिंगला आईने मला करंजी तळायला पाठवलं. मी झारा हातात घेतला आणि बाहेर घर दणाणलं. ब्रायंटचा होमरन, चेंडू थेट कुंपणापार. त्याच इनिंगमध्ये तीन रन. कब्स ३-२ जिंकले आणि माझा निकाल लागला.

मी अभियंता आहे. मी टीव्हीसमोर बसण्याचा आणि क्लीव्हलंडच्या गोलंदाजाच्या हाताचा काही संबंध नाही, हे मी शांतपणे, उदाहरणं देऊन समजावलं. लेक म्हणाली, "बाबा, तीन दिवसांचा डेटा आहे." बायको म्हणाली, "अरे, गॅरेजमध्ये हीटर आहे. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." माझं मंडाले ठरलं.

भाऊबीजेला सहावा सामना, क्लीव्हलंडला. माझी मामेबहीण ओवाळायला आली, तेव्हा तिला ताम्हन घेऊन गॅरेजमध्ये यावं लागलं. स्नो ब्लोअर आणि सायकलींच्या मध्ये माझी ओवाळणी झाली. आत आईने आजोबांना ओवाळायला घेतलं होतं. तबक अर्धं फिरलं आणि ॲडिसन रसेलने ग्रँड स्लॅम मारला, एका फटक्यात चार रन. तबक तिथेच थांबलं, कारण हललं तर काय होईल कुणी सांगावं? तेलाचा एक थेंब आजोबांच्या विजारीवर पडला. ९-३ असा विजय. आजोबा कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी तसेच परत आले. त्यांनी तोंड धुतलं नसावं असा माझा अंदाज आहे.

आता एक तक्रार, कारण ही त्या वर्षी सगळ्या शिकागोची होती. त्या सहाव्या सामन्यात पाच रनची आघाडी असताना मॅनेजर जो मॅडनने अरोल्डिस चॅपमनला आणलाच कशाला? ताशी शंभर मैलांनी चेंडू फेकणारा गडी. रविवारी, पाचव्या सामन्यात, त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त राबवला होता. आघाडीवर असताना हुकमी पान कोण टाकतं? सातव्या सामन्यात तो दमलेला असणार हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं.

सातवा सामना, २ नोव्हेंबर. डेक्स्टर फाउलरने सुरुवातच होमरनने केली, पुढे निवृत्तीला टेकलेल्या डेव्हिड रॉसनेही एक मारला. आठव्या इनिंगपर्यंत ६-३. भिंतीपलीकडून येणारे आनंदाचे आवाज ऐकून मी निर्धास्त होतो. चार गडी बाद केले की संपलं. मला फक्त शंकरपाळ्यांचा डबा हवा होता. दार उघडून मी एक पाऊल आत टाकलं. स्कोअर ६-४ झाला होता. चॅपमनने चेंडू टाकला, राजाय डेव्हिसने तो डाव्या कुंपणावरून पार केला. ६-६.

खोलीतल्या एकानेही टीव्हीकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. आजोबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जास्त झोंबलं. आईने डबा माझ्या हातात कोंबला आणि दार लावून आतून कडी घातली.

पुढचं सगळं मी गाडीत बसून रेडिओवर ऐकलं. नऊ इनिंग बरोबरीत संपल्या आणि पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ थांबला. तेवढ्यात जेसन हेवर्डने खेळाडूंना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला, असं नंतर पेपरात आलं. आमच्या घरात आईने वेगळं कारण दिलं होतं, "अभिषेक झाला. आता काळजी नको." दहाव्या इनिंगची सुरुवात केली ती एप्रिलमध्ये गुडघा गेलेल्या श्वार्बरनेच. मग बेन झोब्रिस्टचा दोन बेसचा फटका, ७-६. पाठोपाठ मिगेल मोंटेरोचा एक बेसचा, ८-६. मग तोच मेला डेव्हिस, ८-७. मी शंकरपाळी खायचं थांबलो. चावण्याचा आवाजही नको. शेवटी एक सरपटता चेंडू ब्रायंटकडे, ब्रायंटकडून रिझोकडे, आणि निवेदकाचा आवाज फुटला.

आतून किंकाळ्या, थाळ्या, शिट्ट्या. गल्लीत फटाके. मी गॅरेजच्या दाराशी गेलो, कडी तशीच. ठोठावलं. कुणाला ऐकू जाणार? सगळे पुढच्या दाराने रस्त्यावर नाचायला गेले होते.

बऱ्याच वेळाने आजोबा दार उघडायला आले. कपाळावरचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलेलं. त्यांनी मला मिठी मारली आणि रडत काहीतरी बोलले. मागून आई आली.

"ते क्लीव्हलंडवाले कधीपासून जिंकले नाहीत रे?"

"१९४८ पासून."

"अरेरे," ती म्हणाली. "त्यांना कुणीतरी सांगायला हवं, की कुणाच्या तरी घरात आत बसू नये असा माणूस आत बसलाय म्हणून."