इकडे समुद्र, तिकडे विद्यापीठ

‘इकडे आड, तिकडे विहीर’ ही म्हण ज्यानं काढली, त्याला निदान दोन्हीकडे गोडं पाणी तरी मिळत होतं. माझ्या एका बाजूला खारं पाणी होतं आणि दुसऱ्या बाजूला पाणीच नव्हतं, कारण वरच्या मजल्यावरची सहा पोरं सकाळी एकाच वेळी आंघोळीला जायची.

निवृत्तीनंतर कुठे राहायचं हा प्रश्न आम्ही नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं ‘पुढचं पुढे बघू’ म्हणून बाजूला सारला होता. मग एक दिवस ते ‘पुढचं’ येऊन दारात उभं राहिलं. माझ्या डोक्यात समुद्राकाठचं, सुट्टीत लोक येतात तसलं छोटं गाव होतं. गॅलरी, आरामखुर्ची, समोर क्षितिज, मधे कोणी नाही. हिच्या डोक्यात विद्यापीठाचं शहर. व्याख्यानं, ग्रंथालय, तरुण पोरांची जाग.

“म्हातारपणी माणसानं माणसांत राहावं,” ही म्हणाली.

“तरुणपणी तेच केलं,” मी म्हणालो.

दोन दिवस आम्ही एवढ्यावरच होतो. शेवटी मी इतिहास काढला. (घरात हरायला लागलो की मी किमान दोनशे वर्षं मागे जातो, ही जुनी खोड.) १० फेब्रुवारी १३५५ रोजी ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थ्यांनी गुत्त्यातल्या वाइनला नावं ठेवली आणि ती मालकाच्याच तोंडावर फेकली. त्यावरून गावकरी आणि विद्यापीठवाले असे काही भिडले की विद्यापीठाकडची ६३ माणसं गेली असं सांगतात. त्याचं प्रायश्चित्त म्हणून गावाच्या मेयरला दरवर्षी ६३ पेनी भराव्या लागायच्या, आणि हे १८२५ पर्यंत चाललं. “चारशे सत्तर वर्षं! असल्या शेजाऱ्यांत राहायचंय तुला?”

हिनं शांतपणे चष्मा पुसला. “आपण तिथे मेयर व्हायला चाललोय का?”

वर आपला फोन पुढे केला. अठराव्या शतकाच्या मध्याला रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरानं समुद्राच्या पाण्याच्या औषधी गुणांवर पुस्तक लिहिलं, लोक ब्रायटनला धावू लागले आणि समुद्रकाठी हवापालटाला जायचं खूळ वाढलं. “नुसतं डुंबायला नव्हे हं. ते पाणी प्यायलाही सांगायचा. तुमचा समुद्र हा असा.”

तह असा ठरला की दोन्हीकडे आठ-आठ दिवस राहून बघायचं. आधी हिचं शहर, मग माझं गाव.

शहरात आम्हाला तळमजल्याची खोली मिळाली. वरती ती सहा पोरं. पोरं वाईट नव्हती, उलट जिन्यात भेटली की “काका, आमचा त्रास नाही ना होत?” असं आपणहून विचारायची, आणि एवढ्या आदरानं विचारल्यावर खरं सांगणं जिवावर यायचं. त्यातला एक गिटार शिकत होता. रोज रात्री साडेअकराला तीन कॉर्ड छान यायचे आणि चौथ्याला तारांची नुसती खरखर. पुन्हा तीन, पुन्हा खरखर. मी एकदा विचारलंच. त्यानं बोटं दाखवून समजावलं की हा एफ. यात पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या, आणि दुसऱ्या बोटांनी वेगळ्या जागा धरायच्या. नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं म्हणे. हे कळल्यावर आमची परिस्थिती बिघडली. आधी आम्ही गिटार थांबायची वाट बघत होतो, आता एफ यायची बघायला लागलो. ही अंधारात छताकडे बघत पुटपुटायची, “दाब, नीट दाब.” आठ रात्रींत तो एकदाही आला नाही.

व्याख्यानाला आम्ही एकदाच गेलो. विषयाचं नाव तीन ओळींचं होतं. ते हिला दुसऱ्या ओळीपर्यंत कळलं, मला पहिल्या. अख्ख्या सभागृहात वहीत टिपणं काढणारी ही एकटी होती, बाजूची मुलगी डोकं भिंतीला टेकून गाढ झोपली होती. ग्रंथालयात सभासद व्हायला शहरातला कायमचा पत्ता लागत होता, आणि कायमचा पत्ता करावा की नाही हे ठरवायलाच तर आम्ही आलो होतो. हिचा उत्साह तिथून ओसरायला लागला.

माझा मात्र वाढला. कारण सांगायला जरा संकोच वाटतो.

तिसऱ्या दिवशी मी आवारातल्या एका झाडाखाली उभा होतो. पांढरे केस, खांद्याला झोळी, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. एक मुलगा धापा टाकत आला. “सर, सबमिशनला दोन दिवस वाढवून मिळतील?” मी सर नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कोणी कसली परवानगी मागितली नव्हती. घरातला पंखा बंद करू का, हेसुद्धा कोणी विचारत नाही. मी क्षणभर आकाशाकडे बघितलं आणि म्हणालो, “तीन घे.” त्या पोराच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून मला हे शहर एकदम आवडूनच गेलं.

त्यानंतर समुद्र. हंगाम नव्हता. निम्म्या दुकानांना कुलपं, रस्त्यावर एक कुत्रं, तेही कामात नसलेलं. पहिल्या दिवशी सकाळी सहाला गेलो तर पूर्ण ओहोटी. लांबच लांब ओली, टणक वाळू, पाय रुतत नाहीत, डोळ्यांचं पारणं फिटलं. रोज सहाला यायचं असं मी जाहीर करून टाकलं. पण समुद्राला घड्याळ वेगळं. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे मला शाळेत शिकवलं होतं, फक्त पायानं कळलं नव्हतं. चौथ्या दिवशी सहा वाजता अर्धी वाळू उरली. सातव्या दिवशी पाणी जवळजवळ पायऱ्यांशी होतं आणि माझा मॉर्निंग वॉक पायऱ्या मोजण्यात संपला. खाऱ्या हवेनं नखं कापायची कात्री तांबूस झाली. घरमालक रोज सकाळी तेलाची बुधली घेऊन प्रत्येक बिजागरीपुढे नमस्कार केल्यासारखा वाकायचा. क्षितिज म्हणाल, तर ते मी दुसऱ्या दिवशीच बघून संपवलं होतं. त्यात पुढे काही घडत नाही.

आणि ही? ही नऊ-नऊ तास झोपत होती. घरमालकाकडून भरतीचं वेळापत्रक घेऊन तिनं दिवस त्यावर लावला होता आणि ओहोटीला एकटीच फिरून येत होती. “अहो, इथेच राहू या,” ती म्हणाली.

“मला शहर हवंय,” मी म्हणालो. एवढं फिरून आमचं भांडण तसंच होतं, नुसती माणसं बदलली होती.

आठव्या दिवशी दुपारी एक बस आली. मागोमाग दुसरी. पाठीवर पिशव्या, गळ्यात टॉवेल, आरडाओरडा. घरमालकानं तेल बाजूला ठेवलं. “विद्यापीठाला सुट्टी लागली. आता दोन महिने असंच. तुम्हाला घर हवं असेल तर बिगरहंगामात देतो, पण सुट्टी लागली की रिकामं करावं लागेल.”

हिनं बोटं मोजली. “म्हणजे गर्दी एकच आहे. नुसती जागा बदलते. आपण तिच्या उलट फिरायचं. कॉलेज चालू असेल तेव्हा इथे, सुट्टीत तिथे. तिथल्या खोल्या तेव्हा रिकाम्याच असतील.” खरं तर यात खोट काढायला जागा नव्हती. पण रिकाम्या विद्यापीठात झाडाखाली उभं राहून मी परवानगी कोणाला देणार, हे तिला कसं सांगू?

संध्याकाळी सहाला विचार करायला म्हणून खाली उतरलो. भरती ऐन भरात होती, शेवटच्या दोन पायऱ्या पाण्यात. शेजारच्या अंगणात गिटार सुरू झाली. गॅलरीतून हिचा आवाज आला, “हा दुसरा आहे हो! याला एफ येतो!” मी ऐकायला मान वळवली, आणि वरच्या पायरीवर तो उभा होता. तोच. त्यानं मला ओळखलं होतं.

“सर,” तो एक पायरी खाली उतरत म्हणाला, “ते तीन दिवस... डिपार्टमेंटमध्ये म्हणाले, अशा वर्णनाचे कोणी सरच नाहीत.”

जिना अरुंद होता. तो आणखी एक पायरी उतरला. मी वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या.