खोटी यादी द्या, पूर्ण मार्क घ्या

दहापैकी चार. शेवटच्या पानावर ‘विकिपीडिया’ या शब्दाभोवती लाल गोल आणि शेजारी ‘चालणार नाही’. आधीच्या अकरा पानांवर पेनाचा एक ठिपका नाही. म्हणजे सरांनी निबंध वाचलाच नाही. थेट संदर्भ पाहिले आणि मार्क कापले.

विषय होता रोजगार हमी योजना. तीन आठवडे राबले मी त्यावर. सुरुवात विकिपीडियापासून केली, हो, केली! दुसरीकडे कुठून करणार होते? कॉलेजच्या ग्रंथालयात विश्वकोशाचे खंड काचेच्या कपाटात कुलूपबंद आहेत. किल्ली ज्यांच्याकडे असते ते दोनला निघून जातात आणि माझं शेवटचं लेक्चर अडीचला संपतं.

विकिपीडियावरून मला या योजनेची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांचं नाव कळलं, तासगाव तालुक्यातला सुरुवातीचा प्रयोग कळला. पण कायद्याचं साल एका ठिकाणी १९७७ आणि दुसऱ्या ठिकाणी १९७९. कोणतं खरं? पानाखालच्या संदर्भांतून एकेक करत गेले आणि शेवटी मूळ कायद्याची पीडीएफ काढून वाचली. कायदा १९७७चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९पासून. दोन्ही सालं बरोबर! त्या रात्री केवढा आनंद झाला होता मला. अभ्यास म्हणतात तो हाच ना? मग जिथून वाट सापडली त्याचं नाव मी यादीत लिहिलं, पान कुठल्या तारखेला पाहिलं तेसुद्धा लिहिलं. खरं सांगितलं एवढाच माझा गुन्हा.

वर्गातल्या एकाने तेच पान जसंच्या तसं उचललं. मधले संदर्भांचे चौकटी कंसातले आकडेही काढले नाहीत त्याने, [३], [७] तसेच छापून आले. खाली तीन पुस्तकांची नावं टाकली. त्यातलं एकही त्याने हातात धरलेलं नाही, मला स्वतः सांगितलं. त्याला नऊ.

‘तिथे कुणीही काहीही लिहितं’ म्हणे. लिहितात ना! मराठी पानांवर चुका आहेत, कित्येक पानांना एक धड संदर्भ नाही. पण मग ‘इतिहास पहा’वर जाऊन कुणी कधी काय बदललं ते बघायला शिकवा. ‘संदर्भ हवा’ अशी खूण दिसली की त्या वाक्यावर विसंबू नका, हे सांगा. विकिपीडिया स्वतःच सांगतो की शोध इथून सुरू करा, इथेच थांबू नका. हे शिकवायला एक तास पुरे. तो एक तास तीन वर्षांत कुणाला मिळाला नाही. बंदी घालायला मात्र दोन शब्द पुरतात.

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश आज मोबाइलवर फुकट वाचता येतो, सगळेच्या सगळे वीस खंड. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी पुस्तकाच्या दहा पानांना दोन दिवस लागणाऱ्या मुलीसाठी हे केवढं मोठं आहे! मला ते कळलं अपघाताने, एका रात्री बसमध्ये. आणि तिथेही तारीख बघावीच लागते. पहिला छापील खंड १९७६चा आहे, रोजगार हमीचा कायदा त्यानंतरचा. १९७६च्या पानात १९७७चा कायदा कुठून येणार? छापलेलं म्हणजे खरं आणि ऑनलाइन म्हणजे खोटं, एवढ्यावरच मार्क द्यायचे असतील तर निबंध लिहून घेता कशाला?

सर, तुम्ही मुलांना विकिपीडियापासून दूर नाही ठेवलंत. तो लपवायला शिकवलंत. आता सगळे तिथूनच घेतात आणि खाली न उघडलेल्या पुस्तकांची नावं लिहितात.

पुढचा निबंध सोमवारी द्यायचाय. त्याच्याही यादीत विकिपीडिया असणार आहे, पाहिल्याच्या तारखेसकट. कापा किती मार्क कापायचे ते.