दिनविशेषाचा फळा

ज्याचं अक्षर वळणदार आहे त्यानं कोल्हापुरात ते लपवून ठेवावं. माझं एकदा वर्गणीच्या पावत्यांवर दिसलं आणि मंडळाच्या पोरांनी कोपऱ्यावरचा फळा माझ्या गळ्यात घातला. "काका, रोज सकाळी दिनविशेष लिवायचा. दोनच ओळी. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी. सोपं हाय."

सोपं असतं, पण तो फळा नेमका रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींच्या वाटेवर आहे. त्यांचे म्होरके आबा. अख्खी नोकरी जमिनी मोजण्याच्या खात्यात काढलेली. शेताचा बांध वीतभर सरकलेला ज्यांनी कधी खपवून घेतला नाही, ते तारीख सरकलेली काय खपवून घेणार?

१९ फेब्रुवारीला मी 'शिवजयंती (१६३०)' असं लिहून खडू खाली ठेवतोय तोवर आबा हजर. "तारखेची व्हय? आणि तिथीची कधी लिवणार?" तिथीचीही एक असती तर काय हवं होतं! १६३० मानणाऱ्यांची फाल्गुन वद्य तृतीया. १६२७ मानणाऱ्यांची वैशाख शुद्ध द्वितीया, आणि आमच्या पेठांतल्या तालमी मिरवणूक काढतात ती या वैशाखातल्या जयंतीला. म्हणजे फळ्यावर तीनदा लिहायचं. तेवढ्यावर भागलं असतं, पण शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं चौथी काढली. १९ फेब्रुवारी ही म्हणे जुन्या, ज्युलियन पंचांगाची तारीख. आज आपण जे कॅलेंडर भिंतीला लावतो त्या हिशेबानं तो दिवस १ मार्च १६३० येतो. हे ऐकून आबा शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसले. "म्हंजे चार?" मी मान हलवली. बराच विचार करून म्हणाले, "हुंद्यात. म्हाराजांच्या चार झाल्या म्हणून काय बिघडतंय?"

तक्रार होती ती राज्याभिषेकाची. ६ जून १६७४ ला कुणाची हरकत नव्हती. पण २४ सप्टेंबरला मी पुन्हा 'राज्याभिषेक' लिहिलं तेव्हा पोरांना वाटलं, काकांनी जूनचा मजकूर परत खपवला. निश्चलपुरी गोसाव्यांकडून महाराजांनी त्याच वर्षी दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक करवून घेतला होता, हे पटवण्यात माझा चहा गार झाला.

शिवजयंतीच्या १९ फेब्रुवारी की १ मार्च या दहा दिवसांच्या घोळाचं मूळ रोममध्ये आहे. पोप ग्रेगरीनं १५८२ मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं आणि ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर उजाडला. मधले दहा दिवस गायब. इंग्रज हट्टी, त्यांनी १७५२ पर्यंत ऐकलं नाही, म्हणून त्यांच्या वखारीतले कागद जुन्याच तारखांचे. मला मात्र या पोपबद्दल फार आपुलकी वाटते. ऑक्टोबरात एके दिवशी काहीच सुचेना, तेव्हा मी फळ्यावर लिहिलं: '१० ऑक्टोबर १५८२: इटली व स्पेनमध्ये आज काहीही घडले नाही.' इतकं निर्विवाद वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही. तरी आबा म्हणालेच, "पण आपल्याकडं घडलं आसंल की कायतरी!"

३० नोव्हेंबरला गल्ली गप्प झाली होती. आमचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपहून परतताना याच दिवशी फ्लॉरेन्सला वारले, अवघ्या विशीत. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं, तिथं त्यांची छत्री आहे, आणि पुढं जवळच पूल झाला त्याला 'भारतीयाचा पूल' असं नाव आहे. कोल्हापूरच्या राजाच्या नावानं इटलीत पूल, हे ऐकून सगळे हळहळले, मग सुखावले, आणि शेवटी एकानं विचारलं, "पूर आला की बंद करत्यात का तो पण?"

शाहू महाराजांच्या बाबतीत मात्र कुणी चेष्टा करत नाही. जयंती २६ जून १८७४, पण काही जुन्या पुस्तकांत २६ जुलै सापडतो. आता गंमत बघा. मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला तो २६ जुलै १९०२ ला. महाराज तेव्हा इंग्लंडात होते, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. तो सोहळा ठरला होता बरोब्बर २६ जूनला. पण राजाचं अपेंडिक्स बिघडलं आणि सगळं ९ ऑगस्टवर गेलं.

९ ऑगस्ट म्हणजे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती. २०२४ मध्ये आदल्या रात्रीच त्यांच्या नावाचं नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं. त्या सकाळी मी नुसतं 'केशवराव भोसले जयंती' एवढंच लिहिलं. आबा आले, वाचलं, आणि काही न बोलता पुढं गेले.

एरवी ते गप्प बसतात असं नाही. १ जूनला मी उत्साहानं लिहिलं: 'प्रभात फिल्म कंपनीची कोल्हापुरात स्थापना (१९२९).' तर फिरायला निघालेली अख्खी टोळी फळ्यासमोर थांबली. आज त्यांचा वाढदिवस होता. एकाचा नव्हे, जवळजवळ सगळ्यांचा. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी सरसकट १ जून टाकलेला. त्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र याच दिवशी जन्मला आहे. आता प्रत्येकाला फळ्यावर नाव हवं होतं, आणि प्रभातला कोपऱ्यात सरकवूनही जागा पुरेना.

"आबा, तुम्ही खरे जन्मलात कधी?" मी विचारलं.

"घरात गुऱ्हाळ चालू हुतं, एवढं आई सांगायची."

"मग १ जून कसा असेल? गुऱ्हाळं थंडीतली."

आबांनी खडू उचलून माझ्या हातात दिला. "पेन्शन त्याच तारखंवर चालू हाय. गुमान लिवा."