एलएफटी नॉर्मल, कल्चर निगेटिव्ह, तरीही यकृतात पू असू शकतो

सध्या फिरत असलेल्या एका मेसेजमध्ये तीन दावे आहेत: एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर यकृतात गळू नाही, ब्लड कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहणारी तपासणी) निगेटिव्ह आलं की अँटिबायोटिक थांबवा, आणि अमीबाची (यकृतातही गळू करणारा एकपेशीय परजीवी) अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली की अमीबाच्या गळूचं निदान पक्कं. तिन्ही चूक आहेत. दुसरा तर जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच.

बॅक्टेरियामुळे झालेल्या गळूत ब्लड कल्चर साधारण निम्म्याच रुग्णांत पॉझिटिव्ह येतं. कारण कल्चरआधी अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस गेलेले असतात, रक्त कमी घेतलेलं असतं किंवा ॲनएरोबिक (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंसाठीची) बाटली भरलेलीच नसते. प्रौढ रुग्णाला दोन वेगवेगळ्या जागी टोचून दोन सेट घ्यावेत. प्रत्येक सेटमध्ये एरोबिक आणि ॲनएरोबिक अशा दोन बाटल्या, प्रत्येकीत ८ ते १० मिलि रक्त. एकच बाटली अर्धी भरून आलेल्या 'निगेटिव्ह'वर विसंबू नये. मात्र बीपी घसरत असेल तर रक्त घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करा, पू काढेपर्यंत थांबू नका.

पुवाचं कल्चर जास्त उपयोगी, पण नमुना बिघडवणं फार सोपं असतं. सोनोग्राफीत पाहून सुईने काढलेला पू हवा काढून ॲनएरोबिक ट्रान्सपोर्ट बाटलीत भरावा आणि लगेच लॅबला पोचवावा. कापसाच्या स्वॉबवर पू कमी येतो आणि सुकतो, फॉर्मालिनमध्ये जिवाणू मरतात आणि जुन्या ड्रेनच्या (पू वाहून जाण्यासाठी घातलेल्या नळीच्या) पिशवीत बाहेरचे जंतू वाढलेले असतात. नमुना फ्रिजमध्येही ठेवू नये. ग्रॅम स्टेनमध्ये (पू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) जिवाणू दिसले आणि साध्या कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही, तर ॲनएरोबचा संशय घ्यावा. अँटिबायोटिक आधी सुरू असेल तरी असंच दिसतं.

आता एलएफटी. ही तपासणी यकृतपेशी आणि पित्तमार्गाचं बिनसलेलं दाखवते, पू दाखवत नाही. एलएफटीतलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम बहुतेकांत वाढतं. बिलिरुबिन आणि एसजीपीटी अनेकदा नॉर्मलच असतात, आणि रिपोर्टमध्ये नजर नेमकी त्यांच्यावरच जाते. सीआरपी (शरीरातल्या दाहाचं मोजमाप) आणि पांढऱ्या पेशी वाढतात, पण त्या कुठल्याही संसर्गात वाढतात. थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर सोनोग्राफी, आणि शंका राहिली तर सीटी.

अमीबाची अँटीबॉडी जुन्या संसर्गानंतर वर्षानुवर्षं रक्तात राहू शकते, आणि पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्हही येते. तेव्हा निगेटिव्ह आली तर आठवड्याने पुन्हा करावी. पॉझिटिव्ह आली तरी पुवाचं कल्चर सोडू नये: अमीबाच्या गळूतही मागाहून जिवाणू शिरतात.